वहिनीच्या वाट्याचं

वहिनीने मागून मागून काय मागितलं, तर एवढंच: "वन्सं, उद्या सकाळी माझ्या चर्चमध्ये जाऊन या. डावीकडचं तिसरं बाक. तिथे बसा आणि घरी येऊन मला सगळं सांगा. घंटा अजून तीनदा वाजते का, तेही ऐका."

"मी? मला तिथलं काय कळतंय, कप्पाळ!"

"म्हणूनच. कळणारा माणूस डोळे मिटून बसतो. तुम्ही सगळं बघाल. तुमचे डोळे मला ठाऊक आहेत."

हसत म्हणाली, पण मला ते लागलं. बत्तीस वर्षांपूर्वी ती नवी नवरी होती. दर रविवारी माहेरच्या बेकरीतून पाव आणते म्हणून निघायची आणि चर्चमध्ये जाऊन तासाभराने यायची. माझ्या डोळ्यांनी ते हेरलं आणि माझ्या जिभेने आईच्या कानावर घातलं. आईने घर डोक्यावर घेतलं, दादा मूग गिळून बसला. पुढच्या रविवारपासून पाव मी आणायला लागले. वहिनीने तो विषय पुन्हा काढला नाही, आई गेल्यावरही नाही. आता डॉक्टरांनी हात टेकले होते. चमच्याने पाणी आणि पेज, एवढंच काय ते पोटात जात होतं.

रविवारी गेले. तिसऱ्या बाकावर एक म्हातारी होती, ती सरकली. आत थंडगार, मेणाचा आणि ओल्या रेनकोटांचा वास. सगळे मिळून चाळीस माणसं असतील, त्यातली निम्मी माझ्याहून म्हातारी. आणि उठबस तरी किती! मी उठेपर्यंत बाकीचे बसलेले, मी बसले की ते गुडघ्यांवर. माझे गुडघे असे वाजले की पुढच्या बाकावरच्या बाईने वळून पाहिलं. फादर हिरव्या झग्यात होते. झग्याची खालची दुमड डावीकडे उसवलेली. मी पडले शिवणकाम करणारी, माझे हात शिवशिवायला लागले.

फादर मधूनमधून म्हणायचे, "शांती असो." सगळे एका आवाजात उत्तर द्यायचे, "तुम्हालाही असो." पहिल्यांदा मी गप्प राहिले. चौथ्यांदा माझ्याही तोंडून निघून गेलं. मग सगळे गुडघ्यांवर असताना घंटा वाजली. मी बोटांवर मोजलं. एक, दोन, तीन. चला, अर्धं काम झालं.

मग बाकंच्या बाकं उठून रांगेत लागली. एकटीने बसून राहणं बरं दिसेना, मीही लागले. फादरनी हातावर कोटाच्या बटणाएवढी पातळ पांढरी चकती ठेवली आणि काहीतरी म्हणाले. मी म्हटलं, "हो." बाकीचे तिथेच तोंडात टाकत होते. मला वाटलं, देवाघरचा घास आहे, आजारी माणसाला सोडून आपण कसा खायचा? पाण्यात विरघळवून तिच्या जिभेवर ठेवता येईल. रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

दारापाशी उभा असलेला एक टकला माणूस तरातरा आला. "बाई, ते इथेच खायचं. नाहीतर परत द्या."

"घरी माणूस आजारी आहे, तिच्यासाठी आहे."

"असं नेता येत नाही."

"चोरलं नाही मी! हातावर ठेवलंत, घेतलं!" माझा आवाज चढला. सगळं चर्च वळून बघायला लागलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी फादर स्वतः आले. रुमाल हळूच उलगडून त्यांनी चकती काढून घेतली. "कुणासाठी होती?"

सांगितलं. बेकरीवाल्याची धाकटी म्हटल्यावर त्या टकल्या माणसाचा चेहराच उतरला. "आहे ती? इथेच, याच शहरात? ती परदेशी गेली असं म्हणाले होते तिचे वडील."

"बाई," फादर म्हणाले, "हे आम्हीच घरी घेऊन येतो. ते आमचं कामच आहे. नुसता निरोप द्यायचा होता. केव्हाही."

केव्हाही! बत्तीस वर्षांत एक निरोप पुरला असता.

"आता दोन बाळांचा बाप्तिस्मा आहे, तो उरकून येतो. थांबता?"

थांबले. पत्ता लिहून देऊन मला घरी जाता आलं असतं, तिला सगळं सांगता आलं असतं. तिने तेवढंच तर मागितलं होतं. पण मला फादरना बरोबर घेऊन दारातून आत शिरायचं होतं. वन्संनी तोडलं, वन्संनीच जोडलं, असं तिने म्हणावं, ही माझी हौस. त्या हौसेपायी सव्वा तास बाकावर बसून राहिले.

दादा दारातच उभा होता. "कुठे होतीस? मघापर्यंत शुद्धीवर होती. सारखं विचारत होती, वन्सं आल्या का, वन्सं आल्या का. मग डोळे मिटले, ते उघडतच नाहीत."

फादरनी तिच्याकडे बघून खिशातली चकतीची चपटी डबी परत ठेवून दिली. गिळता येत नसेल तर देता येत नाही, म्हणाले. तिच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं. मग म्हणाले, "शांती असो." आणि थांबले.

या घरात ज्या एकीला उत्तर येत होतं, ती अशी पडलेली. मीच म्हटलं, "तुम्हालाही असो."

ते गेल्यावर मी स्टूल ओढून तिच्या कानाशी बसले. "वहिनी, माझं चुकलं. तेव्हाही आणि आजही." मग सांगायला लागले. पहिल्यापासून, क्रमाने, काही गाळायचं नाही म्हणून. बाक तसंच आहे. म्हातारी सरकली. झगा हिरवा, डावीकडे उसवलाय. माझे गुडघे वाजले, सगळ्यांनी ऐकलं, हसा आता.

दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुरे. ती गेली."

घंटेचं सांगायचं राहिलंच होतं. मग तेही सांगितलं.