आडनावाच्या जागी टिंब

“ताई, आडनावाच्या चौकटीत पुन्हा टिंब?”

“मग काय माझं घालू?” दोन नंबरच्या खिडकीवरच्या ताईने मान वर न करताच विचारलं. “रांग बघा की जरा.”

डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदी सांभाळणाऱ्या त्या कारकुनाला सगळे ‘आधी आडनाव’ म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडलांचं किंवा नवऱ्याचं. आणि नवी नोंद करण्यापूर्वी जुनी शोधायची. एवढंच त्याचं मागणं. त्याने तशी सूचना छापून प्रत्येक खिडकीवर दिली, ती महिन्याभरात चहाच्या कपाखाली गेली. मग आडनाव भरल्याशिवाय संगणकात नोंद पुढेच सरकणार नाही, अशी त्याने सोय केली. तेव्हा खिडक्यांनी टिंबाचा शोध लावला. आजमितीला दवाखान्यात टिंब आडनावाची अकराशे माणसं होती. एवढं मोठं घराणं गावात दुसरं नव्हतं.

त्याच सकाळी शिवणकाम करणाऱ्या एक बाई भिंत चाचपत त्याच्या टेबलापाशी आल्या. बुबुळ बदलायच्या यादीत त्यांचं नाव होतं. डॉक्टर मागे म्हणाले होते, आता लवकरच नंबर लागेल. आणि आज खिडकीवर कळलं, नंबर एकशे बारावा.

त्याने जन्मतारीख आणि पत्ता घालून शोधलं. एका बाईंच्या तीन बाया निघाल्या. चार वर्षांपूर्वीची पहिली, टिंब आडनावाची. दुसऱ्या वेळी भाऊ सोबत होता, त्याच्या तोंडी माहेरचं नाव. गेल्या वर्षी मुलाने सासरचं सांगितलं. दर वेळी नवी नोंद, आणि तपासण्या त्या नव्या नोंदीवर. ज्या पहिल्या नोंदीवरून नंबर मोजायचा, ती कोरडीच राहिली. वर्षभर न फिरकलेल्यांना यादीतून वगळायचा नियम होता. तो नियम त्यानेच मागून घेतला होता, आणि गेल्या महिन्यात वगळण्याचं बटण त्यानेच दाबलं होतं. जुन्या दोन्ही नोंदी त्यात गेल्या, आणि नंबर उरला तो गेल्या वर्षीच्या नोंदीचा.

तो कागद घेऊन साहेबांकडे गेला. साहेबांना सगळं पटलं. पण यादी वर मंजूर होऊन आली होती; एकीला वर चढवलं तर बाकीचे दारात उभे राहतील, म्हणाले. अर्ज द्यायला सांगा, पुढच्या वर्षी बघू.

“म्हणजे चार वर्षं मी आले, ते कुणी धरलंच नाही?” तो परत येऊन सांगू लागताच बाईंनी विचारलं.

“धरलंय मावशी. तिघींच्या नावावर.”

“मग चुकलं कुणाचं?”

त्याची नजर खिडकीकडे गेली आणि परत आली. “माझंही,” तो म्हणाला.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “सुईत दोरा ओवायला आता शेजारीण लागते मला.”

त्याने तिन्ही नोंदी एक केल्या. चिठ्ठी छापून त्यांच्या हातात दिली.

“वाचून दाखवा.”

त्याने वाचलं. आडनाव, नाव, नवऱ्याचं नाव. शेवटी नंबर, एकशे बारा.

“हं. हीच मी,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी चिठ्ठीची कड बोटांनी चाचपून सारखी केली, कापडाला दुमड घालावी तशी दुमडली, आणि तिच्यावरून अंगठ्याचं नख टोकापर्यंत सरळ ओढलं.