त्यांना तेल म्हणायचं होतं

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. जुनी म्हणजे किती, तर ज्या कारखान्यात माझा जन्म झाला तिथे आता गाड्या बनतच नाहीत, फ्रिज बनतात. तेव्हा मी पांढरी शुभ्र होते. आता कुणी माझा रंग विचारला, तर सांगणाऱ्याला जरा विचार करावा लागतो.

मला घेतले ते एका डॉक्टरीणबाईंनी. त्या जनावरांच्या डॉक्टर होत्या. गाय अडली, घोडा लंगडू लागला, कुत्र्याने काही भलतेच गिळले, की बाईंना बोलावणे यायचे आणि आम्ही दोघी निघायचो. चिखल, खडी, ओढे, मी कशालाच नाही म्हटले नाही. माझ्या मागच्या सीटवर कोकरे झोपली, आजारी बदके बसली, आणि बाईंचा मुलगाही तिथेच गृहपाठ करत मोठा झाला. त्याचे वडील तो लहान असतानाच वारले होते. वळणावर माझा हॉर्न ऐकला की लोक म्हणत, "आल्या बाई! आता काळजी नाही." त्या कौतुकातला थोडा वाटा मी गुपचूप माझ्याकडे ठेवून घेत असे.

सुटीच्या सकाळी, मी थंड असताना, बाई बॉनेट उघडत. तेलाची पट्टी ओढून काढत, पुसून पुन्हा आत घालत आणि मग काढून उजेडात धरत. तेल कुठल्या खुणेपर्यंत आहे, जळका वास येतो का, सगळे बघत. "जीभ दाखव बघू," असे मला म्हणत.

माझे दोन लाख किलोमीटर झाले आणि मी थोडे थोडे तेल पिऊ लागले. बाई मला त्यांच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे घेऊन गेल्या.

"बाई, हिच्या आतल्या फटी झिजून रुंद झाल्यात," मिस्त्री म्हणाले. "तापलं की तेल पातळ होतं आणि तिथून निसटतं. आपण किंचित दाट घालू."

"किंचित म्हणजे किती?"

मिस्त्रींनी डबा पुढे केला. त्यावर दोन आकडे होते. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो, आणि दुसरा, तापल्यावर ते किती दाट राहते ते. "पहिला आहे तोच ठेवू. दुसरा एक पायरी वर."

बाईंनी माझ्याबरोबर आलेले पुस्तक काढून पाहिले. "चालेल असं इथंही लिहिलंय. मग आणखी दाट का नको?"

"मग सकाळी ते वरपर्यंत चढायलाच वेळ लावेल. तोवर वरचे भाग कोरडेच घासत बसतील. आणि हे खास जुन्या इंजिनांसाठीचं आहे. कडक झालेली रबरी सीलं जरा मऊ ठेवतं."

"म्हणजे म्हातारपणाचं टॉनिक!" बाई हसल्या. "द्या तर मग. आम्हा दोघींनाही लागेलच."

त्या तेलावर मी कितीतरी वर्षे खुशाल धावले.

मग एका सकाळी बाई अंगणात पडल्या. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. कळत सगळे होते, पण तोंडात एकच शब्द उरला होता, "पाणी". भूक लागली तरी पाणी, खिडकी लावायची असली तरी पाणी, मुलगा दारात दिसला की आनंदानेही पाणी! मनात बरोबर शब्द असायचा, बाहेर मात्र हाच यायचा. मेंदूच्या आजारात असे होते म्हणतात.

मुलगा दुसऱ्या शहरातली नोकरी सोडून घरी आला. तो आईला भरवायचा, केस विंचरायचा, आणि दर आठवड्याला माझ्यातून तिला टेकडीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात न्यायचा. तिथे एक ताई बाईंना पुन्हा बोलायला शिकवत होत्या.

माझे तेल बदलायची वेळ आली. मिस्त्री गॅरेज बंद करून लेकीकडे राहायला गेले होते. मुलगा दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "हे घ्या, एकदम नवीन आलंय. सगळ्यात पातळ. इंजिन कसं फुलासारखं चालेल."

"आमची गाडी जुनी आहे हो."

"मग तर तिला उत्तमातलं उत्तमच द्यायला हवं ना!"

मुलाला ते पटले. त्याने मायेनेच ते आणले, मित्रांनो. ते तेल वाईटही नव्हते. नव्या गाडीला ते अमृतच वाटले असते. माझ्या झिजलेल्या फटींत मात्र ते टिकणार नव्हते. तो अंगणात बाही सरसावून डबा ओतू लागला, तेव्हा बाई ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी डब्यावरचे आकडे पाहिले आणि डावा हात वर केला. "पाणी! पाणी!"

मुलगा लगबगीने हात धुऊन पेला घेऊन आला. बाईंनी तो जोरात ढकलला. पाणी सांडले.

"बरं, नको तर नको," तो हळूच म्हणाला. "अशी चिडू नकोस गं."

आणि उरलेले तेल त्याने माझ्यात ओतले. मी काय करणार होते? मला तोंड होते ते फक्त तेल ओतण्यापुरते.

थोड्याच दिवसांत मी निळसर धूर सोडू लागले. जिथे उभी राहीन तिथे काळे थेंब पडू लागले. "वय झालं बिचारीचं," म्हणून मुलाने खाली पुठ्ठा सरकवला. पट्टी काही त्याने काढून पाहिली नाही. तेल तर आत्ताच बदलले होते! मग चौकात थांबले की माझ्या डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकू लागला. वेग घेतला की तो विझायचा. मुलाला वाटले, वायर ढिली झाली असेल. बाई मात्र त्या दिव्याकडे बोट करून म्हणत, "पाणी. पाणी."

मग तो रोज सकाळी माझ्या रेडिएटरमध्ये पाणी पाहू लागला. "बघ आई, काठोकाठ भरलंय," असे तिला दाखवून सांगायचा. तो आळशी नव्हता हो. हवे ते सोडून बाकी सगळे करत होता. आम्ही दोघी मुक्या, एकमेकींकडे बघत राहायचो.

शेवटी टेकडीच्या चढावर माझ्या पोटातून ठकठक सुरू झाली. लाल दिवा आता विझेना. मुलगा म्हणाला, "एवढा चढ संपू दे, मग बघू." त्याच क्षणी बाईंनी वाकून डाव्या हाताने हँडब्रेक खसकन ओढला. मी हिसका खाऊन थांबले आणि बंद पडले.

"आई! वेड लागलंय का तुला? मेलो असतो आपण!"

आजवर तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. पण त्या थांबल्या नाहीत. दार ढकलून एका पायावर उतरायला लागल्या. मुलाने धावत येऊन त्यांना धरले. त्यांनी बॉनेटवर थापा मारल्या, तेव्हा त्याने ते उघडले. त्यांनी तेलाची पट्टी ओढून काढली, आपल्या स्वच्छ बाहीला पुसली, पुन्हा आत घातली आणि काढून त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

पट्टी कोरडी ठणठणीत होती.

"तेल?" मुलगा म्हणाला. "आई, तू एवढे दिवस तेल म्हणत होतीस?"

बाईंनी मान हलवली, आणि तो तिथेच रस्त्याच्या कडेला मटकन बसला.

मला दोराने बांधून घरी आणले. मुलाने फोन केला, तसे मिस्त्री दुसऱ्याच दिवशी आले. त्यांनी मला क्षणभर सुरू केले आणि लगेच बंद केले.

"काका, आता बरोबर तेल घातलं तर?"

"नाही रे बाळा. तेल झिजू देत नाही. झिजलेलं परत भरून नाही देत. आणि हिचे भाग आता मिळतात कुठे?"

गेल्या आठवड्यात मुलाने बाईंना विचारले, "आई, हिला भंगारात देऊ?" आणि तो थांबला. बाई माझ्याकडे खूप वेळ बघत राहिल्या. त्यांनी कितीतरी मरणाऱ्या जनावरांची डोकी मांडीवर घेतली होती. शेवटी त्यांनी होकाराची मान हलवली. त्यांचे बरोबरच आहे, असे मला सांगायचे होते. पण माझी बॅटरी उतरली आहे. मला हॉर्नसुद्धा देता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. तुमच्या घरची गाडी जुनी झाली, तर दुकानातले सर्वांत नवे किंवा सर्वांत दाट तेल उचलून आणू नका. तिच्या पुस्तकात काय लिहिले आहे ते पाहा, तिचे वय आणि झीज पाहा, आणि तिला सोसेल तेच घाला. अधूनमधून पट्टी काढून बघा. लाल दिवा लागला तर तिथेच थांबा. आणि घरात कुणाला शब्द सापडत नसतील, तर लगेच पाण्याचा पेला आणायला धावू नका.

आता ती दोघे इस्पितळात बसने जातात. बसचा थांबा आमच्या फाटकासमोरच आहे. मुलगा विचारतो, "आई, खिडकीपाशी बसायचं का?" आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहतो. परवा तेवढ्यात बस आली, दार उघडले, कंडक्टर ओरडला, बस निघूनही गेली. तो अजून उत्तराची वाट बघत होता.