तीन गुळण्यांचा चमत्कार

चुन्याच्या डबीचं झाकण टक्कन वाजलं. दोघं नवराबायको नुकतेच दवाखान्यातून परतले होते. सुताराने सवयीने तंबाखूची चिमूट तळहातावर घेतली, चुना लावून अंगठ्याने मळली, दोन थापा मारून भुकटी उडवली आणि डाव्या गालात सारली. त्याच गालाच्या आत पांढरा चट्टा होता. तासाभरापूर्वीच दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तो आरशात दाखवला होता.

"अहो, निदान आजचा दिवस तरी," बायको म्हणाली.

"विडी ओढणाऱ्यांना होतं ते. माझ्या तोंडातून कधी धूर निघालेला पाहिलास?"

याचं उत्तरही बाईंनी देऊन ठेवलं होतं. धूर नाही म्हणून विष नाही असं थोडंच आहे. ही तंबाखू तर दिवसभर गालाला चिकटून बसते. तोंडात तीन बोटं उभी मावायला हवीत, सुताराच्या तोंडात जेमतेम दीड मावत होतं. गुरुवारी या, चट्ट्याचा तुकडा काढून तपासू, उशीर करू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं.

पण गुरुवारच्या आधी बुधवार आला, आणि बुधवारी बाजारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गुळणीमहाराज अवतरले.

सुतार बायको-मुलीला घेऊन पोचला तेव्हा शेडमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. हमाल, गवंडी, शिंपी, ट्रकवाले, सगळ्यांचे गाल फुगलेले. महाराजांची जीभ कातरीसारखी चालत होती. ओढणाऱ्याचं विष छातीत, खाणाऱ्याचं थुंकीत. थुंकीतलं काढायला सुरी कशाला हवी? आधी प्रत्येकाने ताजी चिमूट मळून गालात धरायची, म्हणजे झोपलेलं विष जागं होतं. मग ती थुंकून महाराजांच्या सुरईतल्या पिवळ्या पाण्याची गुळणी पांढऱ्या वाडग्यात टाकायची.

सुताराची पहिली गुळणी रक्तासारखी लाल पडली. दुसरी नारिंगी. तिसरी, सुरईत होती तशीच स्वच्छ पिवळी. विष संपलं होतं. कुणाला शंका नको म्हणून महाराजांनी सुताराच्याच सहा वर्षांच्या मुलीला पुढे घेतलं. तिची पहिलीच गुळणी पिवळी आली. "लेकराच्या तोंडात विषच नाही, तर निघणार कुठून?" महाराज म्हणाले, आणि तिथेच तिच्या आईचा विश्वास बसला. खोटं कसं बोलेल आपलं लेकरू.

नियम दोनच. दर आठवड्याला गुळणी, मधल्या दिवसांत खुशाल खा. आणि पाण्याचे शिंतोडे उडालेला सदरा चाळीस दिवस धुवायचा नाही.

गुरुवारी कुणी दवाखान्यात गेलं नाही.

बायको लाँड्रीत कामाला होती. लोकांचे डाग काढण्यात तिची हयात चाललेली, पण तो सदरा तिने खुंटीवरून हलवला नाही. सुतार आता दुप्पट खाऊ लागला. विष काय, दर बुधवारी निघतच होतं. तिखट तर सोडाच, कोमट वरणानेही त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. काम करताना ओठांत खिळे धरायची त्याची लकब सुटली. मग मानेत, जबड्याखाली, वाटाण्याएवढी गाठ लागली.

एक्केचाळिसाव्या दिवशी तिने सदरा लाँड्रीत नेला, भिजवला, साबणाची वडी घासली. पिवळे ठिपके भराभर लाल झाले.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे तिच्या हातांना दहा वर्षं ठाऊक होतं. साबण तर तिच्या नवऱ्याच्या तोंडात नव्हता. मग काय होतं? घरी येऊन तिने वाटीत हळदीचं पाणी केलं आणि नवऱ्याच्या डबीतला नखभर चुना त्यात टाकला.

पुढच्या बुधवारी ती रांग मोडून थेट पुढे गेली. सुरईतलं पाणी तिने पांढऱ्या वाडग्यात ओतलं, पदराखालून डबी काढली आणि चुना कालवला. वाडगा लालभडक झाला.

"ताई, श्रद्धा नसली की पाणी रुसतं," महाराज हसून म्हणाले.

"रुसलं नाही महाराज, रंगलंय. आणि हा वाडगा काही तंबाखू खात नाही."

मागे एक हमाल फिसकन हसला. ती गर्दीकडे वळली. "ही हळद आहे. चुना लागला की लाल होते. तुम्हाला आधी ताजी चिमूट खायला लावतात ती त्या चुन्यासाठी. पहिल्या गुळणीत चुना जास्त, तिसरीपर्यंत धुऊन जातो. माझ्या मुलीच्या तोंडात तो नव्हताच. विष एकाचंही निघालेलं नाही. माझं ऐकू नका, घरी वाटीत करून बघा. आणि मग आरशापुढे तोंड उघडून बघा, चट्टा जागेवरच असेल. ती पुडी टाका आणि दवाखान्यात जा. मी चाळीस दिवस घालवले. तुम्ही एकही घालवू नका."

कुणी टाळी वाजवली नाही. म्हातारा गवंडी तोंडात बोट घालून आतला गाल चाचपत राहिला. महाराजांनी सुरई कधी उचलली ते कुणी पाहिलं नाही.

सुतार दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेला. तुकड्याचा अहवाल आला. चट्टा चट्टा राहिला नव्हता, मानेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. डावा गाल आणि खालचा अर्धा जबडा काढावा लागला. आणखी आधी आला असता तर, एवढं बोलून डॉक्टरीणबाई थांबल्या.

आठव्या दिवशी मुलीला भेटायला आत सोडलं. बापाचा चेहरा नाकाखाली सगळा पट्ट्यांत होता, नाकातून नळी गेलेली. तिने वर्गातल्या कुणाच्या तरी फजितीची गोष्ट त्याला अगदी हातवारे करून सांगितली. तो डोळे मिटून घेऊन पडला होता. खांदे हलले, की नुसते हलल्यासारखे वाटले. बाहेर आल्यावर ती आईच्या बोटाला लटकत थांबली.

"आई, बाबा हसला ना, तर आता मला कसं कळणार?"