तिखट कानांचे हेडफोन

निवृत्त झाल्यावर सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बांधला होता. पत्र्याचा डबा, त्यावर काचेचे चार व्हॉल्व्ह. तापले की आतून नारिंगी उजळायचे. दुपारची जेवणं आटोपली की सासूबाई आरामखुर्चीत बसून कॉम्प्युटरवरची गाणी त्यातून ऐकत. त्यांचे विटेसारखे जड जुने हेडफोन मोडले, तेव्हा मुलाने हौसेने नवे, हलकेफुलके आणून दिले. तेव्हापासून मात्र सासूबाई एखादं गाणं झालं की ते काढून ठेवायच्या आणि डोकं दुखतं म्हणायच्या.

सून एका कंपनीत दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकत असे. सासूबाईंची न केलेली तक्रार तिला कळायला वेळ लागला नाही. खोदून विचारल्यावर त्या म्हणाल्या, की आत सारखी घरघर येते, डब्यात माशी अडकल्यासारखी. पण यांना बोलायचं नाही. यांना ती ऐकूच येत नाही, आणि का येत नाही हे उगाच यांच्या लक्षात यायला नको.

सुनेने दोन दिवस तोंड बंद ठेवलं. रविवारी मात्र तिने स्वतः हेडफोन लावून पाहिले आणि सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, मला यात घरघर ऐकू येतेय."

सासऱ्यांनी हेडफोन घेऊन बराच वेळ कानाशी धरले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या.

"मला येत नाही," ते म्हणाले. "पण मला येत नाही म्हणजे ती नाही, असं थोडंच आहे? कान तुझे, डोकं माझं. बस इथे."

तिला वाटलं होतं, आता ते डबा उघडून व्हॉल्व्ह बदलत बसतील. त्यांनी स्क्रूड्रायव्हरला हातही लावला नाही. नुसते प्रश्न विचारत राहिले. आवाज वाढवला की घरघर वाढते का? थोडी वाढते. पूर्ण कमी केला की जाते का? नाही, बारीक राहतेच. मग त्यांनी कॉम्प्युटरकडून येणारी वायर काढली. घरघर निम्म्याने उतरली. म्हणजे एक नव्हे, दोन चोर आहेत, असं म्हणत ते हसले.

पहिला चोर लगेच सापडला. कॉम्प्युटर एका भिंतीवरच्या प्लगला, अ‍ॅम्प्लिफायर समोरच्या, आणि दोन्हींच्या अर्थिंगमध्ये भांडण. दोघांना एकाच बोर्डावर आणून वायर परत लावली, तरी गेलेली निम्मी घरघर परतली नाही. राहिली ती बारीक. त्यावर सासरे डोळे मिटून बसले. सुनेला वाटलं, डुलकी लागली. तेवढ्यात ते म्हणाले, "डब्याचा दोष नाही. व्हॉल्व्ह थोडे गुणगुणणारच. जुने हेडफोन बहिरट होते, त्यांना ते कळत नव्हतं. हे नवे तिखट कानांचे."

एका छोट्या डबीत त्यांनी दोन्ही कानांसाठी दोन-दोन रेझिस्टर बसवायचे ठरवले. म्हणजे हेडफोनपर्यंत सगळंच कमी पोचेल. मग गाण्याचा आवाज बटणाने वाढवून घ्यायचा; गुणगुण बटणाने वाढत नाही, ती मागेच राहते. वयामुळे त्यांचा हात आता स्थिर राहत नसे, म्हणून सोल्डरचे डाग सुनेने दिले. पहिला ओबडधोबड झाला. त्यांनी तो काढायला लावला, दुसराही काढायला लावला, तिसऱ्याला मान डोलावली. इतकी वर्षं या घरात राहून हा माणूस आपल्याला आजच भेटतोय, असं तिला वाटून गेलं.

डबी वायरीच्या मध्ये जोडून हेडफोन सासूबाईंना दिले. त्यांनी एक गाणं ऐकलं, मग दुसरं. चहा निवून गेला. शेवटी त्यांनी एक बाजू कानावरून सरकवली.

"गाणारी सुरुवात करण्याआधी श्वास घेते," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं."

सासऱ्यांना ते नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिने त्यांच्या कानाशी वाकून, सावकाश, शब्द न् शब्द सांगितला.