बिनकिल्लीचं दार

मास्टरला उघडता येणार नाही असं कुलूप अजून जन्माला यायचंय, असं अख्खी गल्ली म्हणायची. गंजलेली कपाटं, किल्ल्या हरवलेल्या पेट्या, सगळं त्याच्या हातचा मळ! आणि आज हाच पठ्ठ्या स्वतःच्या बापाच्या दारासमोर गुडघे टेकून बसला होता. दाराला किल्ली घालायला भोकच नव्हतं.

दार पोलादी, कुलूप आकड्यांचं. आप्पा किल्ल्या हरवतात म्हणून त्यानंच हौसेनं बसवलेलं. पण ते मेलं दर तीन महिन्यांनी नवा नंबर मागायचं. गेल्या आठवड्यात आप्पांनी तो बदलला आणि कुणालाच सांगितला नाही. आता ते आत, दारापासून चार पावलांवर पडले होते. त्यांचं कण्हणं ऐकू येत होतं.

मास्टरनं त्यांची जन्मतारीख दाबली, मग आईची, मग स्वतःची. तिन्ही चुकल्या. आणखी एक चुकली की कुलूप तासभर बंद. ड्रिलची दोन पाती मोडून झाली होती. अग्निशमनवाले दुसरीकडच्या आगीत अडकलेले. शेवटी त्यानं कुलूप कंपनीला फोन लावला.

"सर, आपला ग्राहक क्रमांक?"

"अहो बाई, माझा बाप पडलाय आत!"

"समजू शकते, सर. नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवलाय, तेवढा सांगा."

आत स्वयंपाकघरात टिंग वाजलं.

"कपाळ माझं!" मास्टर ओरडला आणि दाराच्या फटीला तोंड लावलं. "आप्पा, नंबर सांगा!"

"कोण तुम्ही?"

"मी! तुमचा मुलगा!"

"असं सगळेच म्हणतात."

हे मास्टरनंच शिकवलं होतं. 'हल्ली भामटे आवाजाचीसुद्धा नक्कल करतात, आप्पा. मीच आहे म्हणून कुणी रडलं, तरी नंबर सांगायचा नाही.' पाढ्यासारखं घोकवून घेतलं होतं त्यानं. आप्पांचं डोकं हल्ली थाऱ्यावर नसायचं, सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवायचं नाही. नेमकं हेच तेवढं पक्कं बसलं होतं.

"आप्पा, मी पहिलं कुलूप उघडलं ते तुमच्या पेटीचं! तुम्ही कान पिळलात, आठवतं?"

आत आप्पा हसल्यासारखे वाटले. "ते माझ्या मुलानं उघडलं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पाया पडतो तुमच्या..." मास्टरला रडू आवरेना.

"रडू नका हो." आवाज आता फार बारीक झाला होता. "माझा मुलगा येईलच एवढ्यात. कुलूपवालाच आहे तो. त्याला सांगेन नंबर. तुम्ही बसा."

मास्टर हाका मारत राहिला, दारावर मुठी आपटत राहिला. आप्पांची ओ आली नाही.

"सर, आधीच्या ओटीपीची वेळ संपली," कानाशी बाई म्हणाली. "नवा पाठवते."

आत पुन्हा टिंग वाजलं.