मागच्या बाकावरची जाऊ

तीन वर्षांचा अबोला, आणि चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, थोरली जाऊ नेमकी माझ्याच मागच्या बाकावर! मी दोनदा जागा बदलली. दोन्ही वेळा ही बया मागोमाग हजर. फादर दयेवर बोलत होते आणि मी दातओठ खात होते.

"एकमेकांना शांती द्या," फादर म्हणाले. वळावंच लागलं.

"ख्रिस्ताची शांती असो," मी कशीबशी पुटपुटले.

"असो. ड्रेस पाठीत उसवलाय तुझा," ती कुजबुजली. "मी आडोसा करतेय, तर तुझा पाय एका जागी ठरेल तर शपथ!"

मी, अख्ख्या गल्लीचे कपडे शिवणारी! तिनं स्वतःची शाल माझ्या पाठीवर टाकली. हिला माफ करायचं की नाही, हे मी तीन वर्षं ठरवत होते. हिनं मला विचारलंसुद्धा नाही.