खोकला वगळून

"हा अजून एक राहिला बघा," कारखान्याचे प्रसिद्धी अधिकारी पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. "एवढा खोकला काढा, की फिल्म पास."

धाकट्याने मान डोलावली. केस पिकले तरी घरात आणि धंद्यात सगळे त्याला धाकटाच म्हणत. पडद्यावर त्याचा थोरला भाऊ बोलत होता. दगड दळण्याच्या कारखान्यात उभा जन्म घालवलेला दादा, इस्त्रीचा सदरा घालून, कारखाना कामगारांची किती काळजी घेतो ते सांगत होता. फिल्मचं काम धाकट्याला मिळालं तेही दादाने शब्द टाकला म्हणून.

व्हिडिओ म्हणजे धूळफेकच, पण रीतसर. बोलणारा माणूस मध्येच कापला तर चित्र टुणकन उडी मारतं, शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून त्या जागी दुसरं काहीतरी दाखवायचं, फिरतं चाक म्हणा, आणि खालून आवाज सांधून घ्यायचा. दादा वाक्यागणिक खोकत होता आणि धाकटा खोकल्यागणिक चाक फिरवत होता. शेवटी दादा असा घडाघडा बोलू लागला, की गडी शंभरी गाठणार असं कुणालाही वाटावं.

"तुझ्या हातात जादू आहे रे," फिल्म पाहून दादा म्हणाला, आणि हसता हसता त्याला ढास लागली. दुसऱ्या दिवशी धाकट्याला एका लग्नाचं शूटिंग होतं. त्याने नेहमीसारखं कॅमेऱ्याचं कार्ड पुसून मोकळं केलं.

पुढच्याच महिन्यात दादाने नोकरी सोडली, आणि वर्ष सरायच्या आत तो गेला, वहिनीला आणि लेकीला मागे ठेवून. छातीत दगडाची धूळ साचली होती. वहिनीने कामगार न्यायालयात भरपाई मागितली. आजार नोकरी सोडल्यानंतरचा, असं कारखान्याचं म्हणणं. सुनावणीला त्यांच्या वकिलाने फार बडबड केली नाही. भिंतीवर फिल्म लावली.

"साहेब, कामावर असताना माणूस हा असा ठणठणीत होता."

वहिनी ताडकन उठली. "खोटं आहे! चार शब्द बोलले तरी धाप लागायची त्यांना. भाऊजी, तुम्हीच केलीय ना ही फिल्म? सांगा की!"

कारखान्याची सगळी कामं आता त्याच्याकडेच होती. तोंड उघडलं तर पोटावर पाय येणार होता. तरी तो उठला.

"साहेब, खोकले मी काढलेत. जिथं जिथं चाक दिसतंय, तिथं दादा खोकत होता."

"मूळ शूटिंग आणलंय?"

"ते... पुसलं, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. वाईट त्यांनाही वाटलं असावं, पण वाईट वाटून निकाल देता येत नाही.

"तुम्ही मयताचे भाऊ. नुसत्या तुमच्या शब्दावर कसं जाऊ? समोर दिसतंय तेच मला धरावं लागेल."

मागणी फेटाळली गेली.

बाहेर जिन्याच्या पायरीवर वहिनी बसून राहिली. धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "भाऊजी, ती फिल्म मला द्याल?"

"वहिनी, ते खोटं कशाला घरात..."

"पोरीने बापाला एका दमात बोलताना कधी ऐकलंच नाही," वहिनी म्हणाली. "ऐकू दे."